भिवापुरी मिरचीच्या पलीकडे: नागपुरात कॉलेजला येणाऱ्या मुलींसाठी

गेल्या जुलैत माझी भाची वडशाहून नागपूरला शिकायला आली. ताईने तिच्या पर्समध्ये भिवापुरी मिरचीची पूड बांधून दिली होती, "कोणी अंगावर आलं तर सरळ डोळ्यांत फेक" म्हणून. नागभीडच्या जवळपास एसटीने एक खड्डा घेतला, पुडी फुटली, आणि गणेशपेठ बसस्थानकावर पोरगी उतरली ती लाल डोळ्यांनी शिंकतच. तिच्या आधार कार्डाला आजही तिखटाचा वास येतो.

मी पोट धरून हसले. पण रात्री बोलता बोलता लक्षात आलं, की त्या पुडीशिवाय घरच्यांनी दुसरी कुठलीच तयारी करून दिलेली नव्हती. रूमच्या दाराला आतून कडी आहे की नाही, कोणी पाहिलं नव्हतं. कॉलेजात तक्रार कुठे करतात, ठाऊक नव्हतं. आणि काही झालंच तर घरी सांगशील का, असं विचारल्यावर ती पटकन म्हणाली, "नाही मावशी. बाबा दुसऱ्या दिवशी घ्यायला येतील."

मी शहरातल्या एका कॉलेजात शिकवते. काही वर्षं तिथल्या अंतर्गत समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, होते. समितीपुढे आलेल्या बहुतेक मुलींनी बोलायला उशीर केलेला असायचा, आणि कारण हेच असायचं. त्रास देणाऱ्याची भीती असायचीच, पण 'घरी कळलं तर शिक्षण बंद' ही भीती तिच्याहून मोठी. म्हणून सुरुवात तिथूनच करते. भाचीला जे सांगितलं तेच लिहिते आहे, म्हणून 'तू' म्हणते.

निघण्याआधी घरच्यांशी करार

बॅग भरायच्या आधी आई-बाबांना समोर बसव आणि दोन गोष्टी कबूल करून घे. एक, मी रात्री-बेरात्री फोन केला तर तुमचा पहिला प्रश्न 'तिथे काय करत होतीस?' हा नसेल. तो 'कुठे आहेस आणि सोबत कोण आहे?' हा असेल. दोन, काहीही झालं तरी मला परत बोलावण्याचा निर्णय त्या आठवड्यात होणार नाही. राग, काळजी, रडारड सगळं करा, पण निर्णय नंतर.

ताईला हे पटेना. "म्हणजे आम्ही विचारायचंच नाही का काही?" मी म्हटलं, विचार ना, काहून नाही? पण दुसऱ्या दिवशी विचार.

मग एक खुणेचं वाक्य ठरवा. आमचं आहे, 'आजीच्या गोळ्या पाठवल्या का?' हे वाक्य ऐकलं की पलीकडच्याने समजायचं, पोरीला मोकळं बोलता येत नाहीये. त्याने मोठ्या आवाजात 'लवकर निघ, आजीला बरं नाही' म्हणायचं आणि इकडे माझा नंबर फिरवायचा. नकोशा पार्टीतून, नकोशा गाडीतून किंवा नकोशा माणसाच्या समोरून उठायला एवढा बहाणा पुरतो. नागपुरात नातेवाईक नसतील तर असं एक माणूस आधी शोधून ठेव: रूममेटची आत्या, गावातल्या गुरुजींची मुलगी, कोणीही, पण अर्ध्या तासात पोचू शकेल असं.

फोनची कामं त्याच बैठकीत उरकून घे. सेटिंगमधला आपत्कालीन एसओएस चालू कर, त्यात दोन नंबर टाक आणि कोणतं बटण किती वेळा दाबायचं ते हाताला बसेपर्यंत समजून घे. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास पाठवता येतं. रात्रीच्या प्रवासाला १ तासाचं बरं. चोवीस तास आईच्या नकाशावर टिंब होऊन फिरायची गरज नाही, आणि त्याने आईची झोपही उडते. ११२ हा पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीचा नंबर. १०९१ आणि १८१ महिलांसाठी, १३९ रेल्वेत, १९३० ऑनलाइन पैसे गेले तर. हे सगळे एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरमागे ठेव, आणि आणखी एक कागद पर्समध्ये. कारण फोनच हिसकावला गेला तर कव्हरमागचा कागदही त्याच्यासोबतच जातो. घरचे दोन नंबर मात्र पाठ हवेत. आजकाल ते कोणालाच पाठ नसतात.

रूम पाहताना कूलरची खिडकी पाहा

रूम किंवा पीजी बघायला दोनदा जा, एकदा दिवसा आणि एकदा दिवे लागल्यावर. दिवसा गजबजलेली गल्ली रात्री आठनंतर कशी दिसते, हे दुपारी कळत नाही. कोपऱ्यावर औषधाचं दुकान किंवा डेअरी उशिरापर्यंत उघडी असेल तर भाड्यात पाचशे जास्त गेले तरी चालतील.

आत गेल्यावर मुली कपाट बघतात, आरसा बघतात. तू आधी खिडकी बघ. नागपूरच्या घरांत एक खिडकी कूलरची असते. कूलरचं तोंड आत यावं म्हणून तिचे गज कापलेले असतात किंवा जाळी काढलेली असते. बाहेर लोखंडी स्टँड असतो. पावसाळ्यात कूलर उतरवतात आणि त्या भोकावर पुठ्ठा नाहीतर पातळ प्लायवूड ठोकून मोकळे होतात. तू येतेस ती नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे तळमजल्यावर दाराला दोन कुलपं, आणि शेजारच्या खिडकीला पुठ्ठा. स्टँड पायरीसारखा, हात घातला की आतली कडी हाताला लागते. भाचीच्या रूमवर मी बोटाने पुठ्ठा दाबला तर तो ओला होऊन पार खचला होता. घरमालक काका म्हणाले, "इथे कोणी येत नाही, ताई." वेल्डिंगवाल्याला बोलावून काढता-घालता येणारी जाळी बसवली, निम्मे पैसे त्यांनी दिले, निम्मे आम्ही. डिपॉझिट देण्याआधी हे मागितलं तर मालक ऐकतो, नंतर ऐकेलच असं नाही.

कूलरचंच आणखी एक. उन्हाळ्यात पाणी भरताना प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओल्या पायांनी पत्र्याला हात लावून शॉक बसल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. ही सुरक्षितताच आहे, फक्त तिच्यावर भाषणं होत नाहीत.

बाकीचं भराभर सांगते. दाराला आतून मजबूत कडी हवी, आणि बाहेरचं कुलूप तुझं स्वतःचं, नवं, म्हणजे आधीच्या भाडेकरूकडे चावी राहिल्याची शंका नको. बाथरूमच्या झरोक्यातून बाहेरून दिसतं का, ते बाहेर उभं राहून बघ. भाडेकरार लेखी घे, आणि मालकाने भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिली आहे का ते विचार. या प्रश्नावर जो मालक चिडतो, त्याची रूम सोडून दे. मालक किंवा त्याचा मुलगा न विचारता खोलीत येणार नाही, हे पहिल्याच दिवशी हसत हसत पण स्पष्ट बोल. डबेवाला, वायफायवाला, पाण्याचे कॅन देणारा यांना एकटी असताना आत घ्यायचं नाही, डबा दारातच घ्यायचा.

रस्ता: एकदा रिकाम्या हाताने जाऊन ये

कॉलेज सुरू होण्याआधीच्या रविवारी रूम ते कॉलेज जाऊन ये. एकदा मेट्रोने, एकदा बसने किंवा ऑटोने. नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका सीताबर्डीला भेटतात: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही ॲक्वा. शंकरनगर, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज, सुभाषनगर ही स्थानकं ॲक्वावर येतात, त्यामुळे त्या पट्ट्यात शिकणाऱ्या मुलींना हिंगण्याच्या बाजूने किंवा पूर्व नागपुरातून येणं सोपं झालं आहे. पण स्थानकापासून रूमपर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर आपलाच असतो. तो नीट बघ. कुठला दिवा बंद आहे, कुत्री कुठे बसतात, रात्री नऊला कोणतं दुकान उघडं असतं. शेवटची गाडी किती वाजता सुटते ते स्थानकावरच विचार, ऐकीव वेळेवर जाऊ नकोस.

गावाहून येताना एसटी उशिरा पोचणार असेल तर गणेशपेठला उतरून बाहेर रस्त्यावर थांबू नकोस. आत, चौकशी खिडकीजवळ, इतर बायका बसल्या आहेत तिथे बस आणि घ्यायला येणाऱ्याला तिथवर बोलाव. रेल्वेने आलीस तर स्टेशनला दोन बाजू आहेत, एक बर्डीकडची आणि एक संत्रा मार्केटची. 'स्टेशनबाहेर भेटू' एवढं बोलून अर्धा तास दोघीही चुकीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

ऑटोत बसण्याआधी भाडं ठरव आणि मागे जाऊन नंबर प्लेटचा फोटो काढ, ड्रायव्हरला दिसेल असा. नंबर एमएच ३१ असो, ४९ असो की ४०, फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाक. चांगला ऑटोवाला यावर चिडत नाही. एक काका मला म्हणाले होते, "घ्या ना फोटो. माझी पोरगीबी हेच करते." ॲपची गाडी असेल तर ॲपवरचा नंबर आणि समोरचा नंबर जुळवून बघ. चालकाने तुझं नाव घ्यावं, तू आधी सांगू नकोस. रस्ता बदलला तर गप्प बसून नकाशा बघत राहू नकोस. मोठ्याने विचार, घरी फोन लाव, गाडी सिग्नलला किंवा वर्दळीत थांबली की उतर. भाड्याचे पैसे बुडाले तर बुडू दे.

स्कूटीवाल्या मुलींसाठी एक खास नागपुरी गोष्ट. आपल्याकडे उन्हापासून वाचायला डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळतात. एप्रिल-मेच्या दुपारी त्याला पर्याय नाही. पण अंधार पडल्यावर तो सोड. त्याने बाजूचं दिसत नाही, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज नीट येत नाही, आणि अडचणीत असलीस तर रस्त्याने जाणारी तुझीच मैत्रीण तुला ओळखत नाही. हेल्मेट मात्र बारा महिने. रिंग रोडला रात्री मला टवाळांपेक्षा ट्रकची भीती जास्त वाटते, हे माझं प्रामाणिक मत.

कोणी पाठलाग करतंय असं वाटलं तर रूमकडे वळू नकोस, त्याला तुझं घर दाखवायचं नाही. पेट्रोल पंप, दवाखाना, मेट्रो स्थानक, जिथे उजेड आणि माणसं आहेत तिथे थांब आणि ११२ लाव. महिलांच्या सुरक्षेसाठीचं पोलिसांचं दामिनी पथक शहरात फिरत असतं, पण त्याची वाट बघू नकोस, फोन तूच कर. आणि शंका खोटी निघाली तर कोणी तुला हसणार नाही.

मिरची स्प्रे ठेवायचा असेल तर ठेव. माझा त्यावर फार विश्वास नाही. पर्सच्या तळाशी असलेली वस्तू वेळेला सापडत नाही. आवाज सापडतो. घरात दोनदा तरी पोटातून ओरडून बघ, 'बाजूला हो!' असं. आपल्या मुलींना ओरडायची सवयच नसते, पहिल्यांदा घशातून कुजबुज निघते.

कॉलेजातला पहिला आठवडा

प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून घेतात. ते न वाचता सही करू नकोस, कारण ते तुझ्याच बाजूचं आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा सिद्ध झाला तर कॉलेजातून काढून पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. सीनियरांनी नाव-गाव विचारणं म्हणजे रॅगिंग नव्हे. पण रात्री खोलीवर बोलावणं, नाचायला लावणं, अंगावरून-रंगावरून-जातीवरून बोलणं, स्वतःच्या असाइनमेंट लिहून घेणं, हे सगळं त्यात येतं.

दुसरं काम, नोटीस बोर्ड शोध. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने आणि यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनी प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असावी लागते. प्राचार्य, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्या व्यक्ती तिच्यात बसू शकत नाहीत, म्हणजे 'सर आमच्या एचओडींचे मित्र आहेत' ही भीती थोडी तरी कमी व्हावी. समितीची नावं आणि नंबर लावलेला फलक शोधून त्याचा फोटो काढून ठेव. फलक नसेल तर कार्यालयात विचार. वर्गाच्या दोघी-तिघी मिळून विचाराल तर उत्तर लवकर मिळतं.

ओळखीची माणसं

घरचे अंधाऱ्या गल्लीची भीती घालतात. समितीपुढे जी प्रकरणं आली, त्यांतलं जवळजवळ प्रत्येक ओळखीच्या माणसाचं होतं. नोट्स देणारा सीनियर, प्रॅक्टिकलचे मार्क हातात असलेला, मैत्रिणीचा भाऊ.

एक सवय लावून घे. नको असेल तर एकदा, स्पष्ट, लेखी नको म्हण. 'मला हे नको आहे, पुन्हा मेसेज करू नका.' बस. सोबत हसणारी इमोजी नको, 'सॉरी' नको, कारणं नकोत. आणि त्यानंतर उत्तरच देऊ नकोस. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाहीये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाच्या गुन्ह्याची व्याख्याच अशी आहे, की बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं. म्हणून तुझं ते एक वाक्य पुढे पुरावा होतं. एक मुलगी आमच्याकडे आली होती, चारशे मेसेज घेऊन. त्यात तिचे 'हाहा', 'बघू', 'आज बिझी आहे' असे साठ-सत्तर. तिला वाटत होतं, आपण टाळतोय हे त्याला कळतंय. त्याला कळतच होतं. पण समितीपुढे तो तेच 'हाहा' वाचून दाखवत होता. तिची तक्रार टिकली, पण त्या खोलीत ती दीड तास नखं कुरतडत बसली होती, ते मला अजून दिसतं.

खासगी फोटोंबद्दल उपदेश करत नाही, तुझा निर्णय. मात्र कोणी फोटोवरून धमकावू लागला तर पैसे देऊ नकोस, एकदा दिले की मागणी थांबत नाही. चॅट डिलीट करू नकोस. प्रोफाइलची लिंक, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढ, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कर. वय १८ पूर्ण असेल तर स्टॉपएनसीआयआय नावाचं संकेतस्थळ आहे: फोटो तुझ्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याचा सांकेतिक ठसा घेऊन सहभागी समाजमाध्यमांवर तो चढू न देण्याची व्यवस्था होते. १८ पूर्ण नसतील तर प्रकरण पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्यात जातं आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. अकरावी-बारावीला नागपुरात आलेल्या मुलींनी हे लक्षात ठेवावं.

पैशांचं थोडक्यात. महाडीबीटीची शिष्यवृत्ती जमा करायला ओटीपी मागणारा फोन खोटा. 'तुझं बँक खातं दोन दिवस वापरू दे, कमिशन देतो' म्हणणारा मित्र तुला पोलीस ठाण्यात उभं करेल. पैसे गेले तर १९३० वर लगेच, लाजत बसण्यात तास घालवू नकोस.

झालंच तर, या क्रमाने

आधी सुरक्षित जागी जा, मग ठरलेल्या माणसाला फोन. त्याच रात्री, झोपण्याआधी, काय झालं ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढ: वेळ, जागा, कोण, काय बोलला, कोणी पाहिलं. ते स्वतःलाच ईमेल कर म्हणजे तारीख पडते. चार दिवसांनी आठवणी गोंधळतात, आणि समोरचा त्याच गोंधळावर बोट ठेवतो. शारीरिक अत्याचार झाला असेल तर अंघोळ न करता, कपडे न धुता दवाखान्यात जा. कपडे प्लास्टिकमध्ये न घालता कागदी पिशवीत ठेव. मेडिकल असो, मेयो असो (ही दोन्ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं) की खासगी दवाखाना, पीडितेवर मोफत उपचार करणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. आधी पोलिसांत जाऊन या, असं ते म्हणू शकत नाहीत.

पोलिसांत जाताना सोबत कोणीतरी ने. 'ही जागा आमच्या हद्दीत नाही' असं ऐकवलं तर झिरो एफआयआर म्हण. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, तो नंतर योग्य ठाण्याला जातो. अशा गुन्ह्यांत जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. एफआयआरची प्रत तुला मोफत मिळते, घेतल्याशिवाय उठू नकोस. नोंदवून घेतच नसतील तर पोलीस आयुक्तांकडे लेखी अर्ज. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, नंबर १५१००. महिलेला तिथे उत्पन्नाची अट नाही.

कॉलेजातली तक्रार वेगळी. पोलिसांत गेलीस म्हणून समितीकडे जाता येत नाही असं नाही, दोन्ही दारं एकाच वेळी उघडी असतात. अर्ज घटनेपासून तीन महिन्यांत द्यायचा. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर समितीनेच लिहायला मदत करायची असते. पोच घे, तारीख-शिक्क्यासह. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तोवर 'माझे पेपर या सरांनी तपासू नयेत', 'माझी बॅच बदला' अशी मागणी तू करू शकतेस, आणि ती कर, बहुतेक मुली हे मागतच नाहीत. तुझं नाव गुप्त ठेवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे. 'मिटवून टाकू' हा शब्द तुझ्याकडून आला तरच समेट होऊ शकतो, समितीने किंवा कोणी सरांनी तो तुझ्या तोंडी घालायचा नाही. पैशांवर तर समेट होतच नाही.

भाचीवर यातलं मोठं काही आलं नाही. सप्टेंबरमध्ये एक मुलगा लायब्ररीपासून रूमपर्यंत मागे येऊ लागला. तिसऱ्या दिवशी ती औषधाच्या दुकानात शिरली आणि आईला फोन लावला. ताईने विचारलं, "कुठे आहेस? सोबत कोण आहे?" पोरीने सांगितलं. "थांब तिथेच, मावशी येते." एवढंच बोलून ताईने फोन ठेवला आणि मला लावला. मी गाडीची किल्ली शोधेपर्यंत ताई रडत होती. भाचीला ते अजून माहीत नाही.